विद्युत् वाहनांचे चार्जिंग : भूसंपर्क आणि दोषसंरक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

विद्युत् प्रवाह 'जमिनीत जातो' असे लोकव्यवहारात म्हटले जाते. हे विधान सोयीचे असले तरी शास्त्रदृष्ट्या अपुरे आहे. प्रवाह जमिनीत जाऊन संपत नाही. ज्या रोहित्रापासून तो निघाला त्याच रोहित्राच्या न्यूट्रल बिंदूकडे तो मातीतून, पाण्याच्या नळातून, तारेतून किंवा मनुष्यदेहातून वाट काढीत परत येतो. भूसंपर्क, म्हणजे व्यवहारातील 'अर्थिंग', ही या परतीच्या वाटांपैकी एक मुद्दाम तयार केलेली वाट होय. ती किती सुकर आहे, ती कोठे तुटू शकते आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहाची दखल कोणते उपकरण किती वेळात घेते, या तीन प्रश्नांवर विद्युत् सुरक्षिततेचे सारे शास्त्र उभे आहे.

घरगुती विद्युत् मांडणीपुरती या प्रश्नांची उत्तरे विसाव्या शतकात बहुतांशी निश्चित झाली होती. विद्युत् वाहनाच्या आगमनाने ती पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली आहे. विद्युत् दृष्टीने वाहन ही एक चमत्कारिक वस्तू आहे. तिचा पत्रा मोठा व धातूचा, पण रबरी चाकांमुळे ती जमिनीपासून अलग. ती पावसात व चिखलात उभी असते. तिला हात लावणारा मनुष्य घराच्या फरशीवर नव्हे, तर उघड्या मातीवर उभा असतो. आणि तिच्या पोटात शेकडो व्होल्ट दाबाचे एकदिश प्रवाहाचे मंडल असते. शीतकपाट किंवा पाणी तापविण्याचे यंत्र यांपैकी कोणत्याही वस्तूत हे चारही गुण एकत्र आढळत नाहीत.

संरक्षणाची जी उपकरणे प्रचारात आहेत त्यांतील प्रत्येक उपकरण परतीच्या वाटेचा केवळ एक तुकडा पाहते आणि उरलेल्या वाटेविषयी काही गृहीत धरून चालते. वाहनाच्या चार्जिंगमध्ये ही गृहीते कोठे कोठे खोटी ठरतात आणि ती खोटी ठरली असता संरक्षण कसे टिकवावयाचे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. मनुष्यदेह आणि प्रवाहाची मर्यादा

संरक्षणाचे सर्व आकडे अखेर मनुष्यदेहाच्या सहनशक्तीवरून ठरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या स्त्रीपुरुषांवर प्रयोग करून, हातात धरलेला विद्युत् संवाहक मनुष्याला स्वतःहून सोडता येईल अशी प्रवाहमर्यादा निश्चित केली. ६० आवर्तनांच्या प्रत्यावर्ती प्रवाहासाठी ही मर्यादा पुरुषांच्या बाबतीत सरासरीने सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांच्या बाबतीत सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. जवळजवळ सर्वांना सोडविता येईल असा प्रवाह मात्र याहून बराच कमी, म्हणजे अनुक्रमे ९ व ६ मिलिअँपिअर ठरला. त्याहून मोठा प्रवाह काही काळ छातीतून गेल्यास हृदयाच्या निलयांचे स्पंदन विस्कळीत होऊन मृत्यू ओढवतो. येथे प्रवाहाइतकेच महत्त्व काळाला आहे.

देहाचा रोध त्वचा ओली की कोरडी, स्पर्श किती क्षेत्रावर झाला आणि दाब किती आहे यांवर अवलंबून असतो; गणितासाठी तो बहुधा १,००० ओहम धरतात. २३० व्होल्टच्या फेजशी संपर्क आल्यास देहातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील, हे यावरून सहज दिसते. देहरक्षणासाठी ३० मिलिअँपिअर प्रवाहाला कार्यान्वित होणारे खंडक वापरण्याची प्रथा याच विचारातून आली. असे खंडक ३० मिलिअँपिअरला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात, आणि त्याच्या पाचपट म्हणजे १५० मिलिअँपिअरला ०.०४ सेकंदात मंडल तोडते. ते धक्का टाळत नाही. धक्क्याचा काळ आखूड करते.

३. चांगला भूसंपर्क पुरेसा का नसतो

'अर्थिंग उत्तम असले की भय नाही' हा समज तंत्रज्ञांतही आढळतो. त्याची परीक्षा एका साध्या उदाहरणाने करता येईल. घरी वापरावयाच्या ७.४ किलोवॉट शक्तीच्या चार्जरला ३२ अँपिअरचे स्वयंचलित अतिप्रवाह खंडक, म्हणजे एमसीबी, जोडलेले आहे. ग्राहकाच्या अंगणात पुरलेल्या इलेक्ट्रोडचा रोध ५ ओहम आहे आणि रोहित्राच्या न्यूट्रलचा भूसंपर्क १ ओहम रोधाचा आहे. व्यवहारात यास चांगला भूसंपर्क म्हटले जाईल. आता निरोधन बिघडून फेजचा संपर्क वाहनाच्या पत्र्याशी झाला असे समजू. परतीच्या वाटेचा रोध ६ ओहम, म्हणून दोषप्रवाह सुमारे ३८ अँपिअर होईल.

या जातीच्या खंडकाने आपल्या अंकित प्रवाहाच्या १.१३ पट, म्हणजे सुमारे ३६ अँपिअर प्रवाह तासभर न तोडता वाहिला पाहिजे, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे ४६ अँपिअर प्रवाह तासाच्या आत तोडला पाहिजे, अशी अपेक्षा असते. ३८ अँपिअर या दोहोंच्या मध्ये पडतो. याचा अर्थ खंडक तासाभरातही मंडल तोडील की नाही, हे सांगता येत नाही. दरम्यान वाहनाचा पत्रा दूरच्या जमिनीच्या तुलनेने ५ गुणिले ३८, म्हणजे सुमारे १९० व्होल्ट वर्चसावर राहील. 'सी' प्रकारचे हेच खंडक तत्क्षणी उघडावयाचे, तर त्यास अंकित प्रवाहाच्या पाच ते दहा पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर हवेत. ३२० अँपिअरसाठी संपूर्ण वाटेचा रोध ०.७ ओहमच्या आसपास असावयास हवा. मातीतून जाणाऱ्या वाटेने हे सहसा साधत नाही. त्यासाठी रोहित्रापर्यंत धातूची परतीची तार लागते.

मातीचा स्वभावही येथे विचारात घ्यावा लागतो. ३ मीटर लांब व १६ मिलिमीटर व्यासाची सळई १०० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत उभी पुरली, तर तिचा रोध गणिताने सुमारे ३३ ओहम येतो. रोधकता १,००० ओहम-मीटर असेल तर तो दसपट होतो. कोकणातील जांभ्याच्या सड्यावर किंवा देशावरील बेसाल्टच्या कातळावर ओलावा धरणारी माती थोडी असते. तेथे एका सळईने भागत नाही. काळी माती पावसाळ्यात उत्तम संवाहक ठरते, पण तीच उन्हाळ्यात वाळून भेगाळली म्हणजे सळईपासून सुटते. पावसाळ्यात मोजलेला रोध वैशाखात खरा मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सारांश, ज्या मांडणीत ग्राहक स्वतःचा इलेक्ट्रोड पुरून त्यावरच विसंबून असतो, तेथे अतिप्रवाह खंडक हे दोषसंरक्षणाचे साधन होऊ शकत नाही. ते तारांचे रक्षण करते, माणसाचे करीत नाही.

४. अवशिष्ट प्रवाहाचे तत्त्व

ही उणीव भरून काढण्यासाठी अवशिष्ट प्रवाह खंडक योजले जाते. व्यवहारात त्यास आरसीसीबी म्हणतात. त्याचे तत्त्व किरखोफ यांच्या प्रवाहनियमाचाच एक उपयोग आहे. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय गाभ्यातून नेलेल्या असतात. जेवढा प्रवाह फेजने गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला, तर गाभ्यातील चुंबकीय स्रोतांची बेरीज शून्य होते. काही प्रवाह तिसऱ्याच वाटेने, म्हणजे भूसंपर्काने किंवा मनुष्यदेहातून परतला, तर बेरीज शून्य राहत नाही. गाभ्यावरील वेटोळ्यात दाब प्रवर्तित होतो आणि त्याने खंडक उघडते.

या योजनेचा मोठा गुण असा की, तिला भूसंपर्काकडून फार थोडी अपेक्षा असते. इलेक्ट्रोडचा रोध ५०० ओहम इतका वाईट असला तरी दोषप्रवाह सुमारे ४६० मिलिअँपिअर, म्हणजे खंडकास लागणाऱ्या प्रवाहाच्या पंधरापट होतो. या कारणास्तव चार्जिंगच्या मांडणीत अवशिष्ट प्रवाह खंडकास पर्याय नाही. भारतात केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत २०१९ साली दुरुस्ती होऊन विद्युत् वाहनांच्या चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र तरतुदी घालण्यात आल्या. त्यांत ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसलेल्या प्रवाहाला उघडणारे, न्यूट्रलसह सर्व प्रवाहवाहक तारा तोडणारे आणि निदान 'ए' प्रकारच्या गुणवत्तेचे खंडक आवश्यक मानले आहे. 'ए' प्रकाराचा हा आग्रह का, हे समजण्यासाठी गाभ्याच्या चुंबकीय वर्तनाकडे वळले पाहिजे.

५. एकदिश प्रवाह आणि आंधळा झालेला गाभा

प्रवर्तन केवळ बदलत्या स्रोताने होते. स्थिर एकदिश प्रवाहाने गाभ्यात स्रोत निर्माण होतो, पण तो बदलत नसल्याने वेटोळ्यास त्याचा पत्ता लागत नाही. एवढेच असते तर प्रश्न मर्यादित राहिला असता. परंतु एकदिश प्रवाह गाभ्यास संपृक्ततेकडे ढकलतो, आणि त्या अवस्थेत प्रत्यावर्ती दोषप्रवाह वाहू लागला तरी स्रोतात पडणारा फरक अल्प राहतो. खंडक जागेवर असते, त्याचा खटका 'चालू' दाखवितो, पण ते काहीच पाहत नाही.

वाहनाच्या चार्जरमध्ये असा एकदिश प्रवाह कसा उद्भवतो, हे पाहण्याजोगे आहे. वाहनातील चार्जर प्रथम २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे एकदिशकारकाने रूपांतर करून सुमारे ४०० व्होल्टचा एकदिश दाब तयार करतो. हा मधला टप्पा विद्युत् पुरवठ्यापासून अलग केलेला नसतो. बॅटरीला अलग करणारे रोहित्र त्याच्या पुढे असते. या टप्प्यातील धन टोकाचे निरोधन बिघडून ते पत्र्यास टेकले असे समजू. फेज न्यूट्रलच्या तुलनेने धन असते त्या अर्धावर्तनात ऋण टोक न्यूट्रलशी जोडले जाते आणि धन टोक ४०० व्होल्टवर असते. फेज ऋण असते त्या अर्धावर्तनात ऋण टोक फेजच्या मागे खाली जाते. शिखरक्षणी फेज उणे ३२५ व्होल्टवर असता धन टोक ४०० उणे ३२५, म्हणजे ७५ व्होल्टवर राहते. तात्पर्य, दोषाच्या जागी दाब ७५ व ४०० व्होल्टच्या दरम्यान खालीवर होतो, पण शून्यास कधीच स्पर्श करीत नाही. अशा दोषप्रवाहात सतत एकाच दिशेने वाहणारा अंश असतो. निरोधन पूर्णपणे न तुटता केवळ क्षीण झाले असेल, तर हा प्रवाह काही मिलिअँपिअर इतकाच राहतो. तो कोणतेही खंडक उघडण्यास अपुरा, पण गाभा बिघडविण्यास पुरेसा ठरू शकतो.

खंडकांचे प्रकार याच कसोटीवर पाडले आहेत. 'एसी' प्रकार केवळ शुद्ध प्रत्यावर्ती प्रवाहासाठी आहे. 'ए' प्रकार स्पंदरूप एकदिश प्रवाहही ओळखतो, आणि ६ मिलिअँपिअरपर्यंत स्थिर एकदिश प्रवाह मिसळला असता त्याचे कार्य अबाधित राहते. 'एफ' प्रकारात ही मर्यादा १० मिलिअँपिअर आहे. 'बी' प्रकार स्थिर एकदिश प्रवाह स्वतः ओळखून मंडल तोडतो. त्यासाठी गाभ्यास साहाय्यक प्रवाहाने आळीपाळीने दोन्ही दिशांस संपृक्त केले जाते. एकदिश प्रवाह असेल तर दोन दिशांतील संपृक्ततेत विषमता येते आणि तीच मोजली जाते.

यावरून दोन उपाय संभवतात. एक, 'बी' प्रकारचे खंडक बसविणे. ते महाग पडते. दुसरा, 'ए' प्रकारचे खंडक ठेवून चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर एकदिश प्रवाहाला पुरवठा बंद करणारा शोधक बसविणे. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाचे ६२९५५ क्रमांकाचे मानक अशाच शोधकाविषयी आहे. त्यानुसार ६ मिलिअँपिअरला १० सेकंदांत, ६० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदात आणि २०० मिलिअँपिअरला ०.१ सेकंदात पुरवठा तुटला पाहिजे. ६ मिलिअँपिअर हा आकडा देहाच्या सहनशक्तीवरून आलेला नाही, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. तो शेजारच्या खंडकाची दृष्टी शाबूत राहावी म्हणून ठरविला आहे.

या गोष्टीचे परिणाम दूरवर पोहोचतात. सर्व घरास मिळून एकच अवशिष्ट प्रवाह खंडक असेल आणि चार्जिंगचे मंडलही त्याच्याच मागे जोडलेले असेल, तर अंगणातील वाहनातून झिरपणारा एकदिश प्रवाह स्नानगृहातील तापकाचे संरक्षण नाहीसे करतो. दोष एके ठिकाणी आणि अपघात दुसऱ्या ठिकाणी, अशी ही अवस्था आहे. आणि अपघातानंतर तापक तपासणाऱ्यास वाहनाचा संशयही येणार नाही. जुन्या घरांतील खंडक 'एसी' प्रकाराचे असेल तर अशा मिश्र प्रवाहाविषयी त्याची कसलीच हमी नसते. तसेच, प्रत्येकी ५ मिलिअँपिअर झिरपा असलेली दोन वाहने एकाच 'ए' प्रकारच्या खंडकाच्या मागे असतील, तर दोन्ही शोधक आपापल्या मर्यादेत शांत राहतील, पण खंडकावर १० मिलिअँपिअर येतील. प्रत्येक चार्जिंग स्थानास स्वतंत्र खंडक असावे, या नियमाचे मर्म येथे आहे.

६. तुटलेले न्यूट्रल

वरील दोषांत भूसंपर्काची वाट शाबूत होती. आता ती वाटच धोका वाहून आणते असा प्रसंग पाहावयाचा आहे. ब्रिटन व युरोपातील अनेक भागांत रोहित्रापासून घरापर्यंत न्यूट्रल आणि भूसंपर्क यांचे काम एकच संयुक्त तार करते, आणि घराच्या प्रवेशद्वारी ती दोन तारांत विभागली जाते. या पद्धतीत दोषप्रवाहास धातूची कमी रोधाची वाट मिळते, हा तिचा फायदा होय. परंतु ही संयुक्त तार रस्त्यात तुटली तर काय होईल?

घरात २३ ओहम रोधाचे, म्हणजे २.३ किलोवॉटचे एक उपकरण चालू आहे. घराजवळ २० ओहमचा इलेक्ट्रोड आहे. रोहित्राचा भूसंपर्क २ ओहमचा आहे. न्यूट्रलची वाट बंद झाल्याने उपकरणातून आलेला प्रवाह घराच्या भूसंपर्क तारेत शिरतो आणि इलेक्ट्रोडमधून मातीत जातो. प्रवाह २३० भागिले ४५, म्हणजे सुमारे ५ अँपिअर. आणि भूसंपर्क तारेचे वर्चस् सुमारे १०० व्होल्ट. घरातील प्रत्येक धातूचा पृष्ठभाग या वर्चसावर चढतो. घराच्या आत सर्वच वस्तू एकत्र चढल्याने राहणाऱ्यास त्याची जाणीव कमी होते. परंतु वाहनाचा पत्राही त्याच तारेस जोडलेला असतो, आणि वाहनास स्पर्श करणारा मनुष्य खऱ्या जमिनीवर उभा असतो. सगळा दाब त्याच्या देहावर येतो.

या प्रसंगी अवशिष्ट प्रवाह खंडक निरुपयोगी ठरते. कारण घरातील फेज व न्यूट्रल तारांचे प्रवाह समानच असतात, बिघाड खंडकाच्या अलीकडे झालेला असतो. इतकेच नव्हे, तर खंडकाने फेज व न्यूट्रल तोडले तरी पत्रा धोक्याच्या वर्चसावरच राहतो, कारण धोका भूसंपर्क तारेने येत असतो. एरवी भूसंपर्क तार कधीही तोडू नये, हा विद्युत् शास्त्रातील पहिला पाठ मानला जातो. या एका दोषापुरता मात्र उपाय नेमका उलटा आहे: फेज व न्यूट्रलबरोबर भूसंपर्क तारही तोडली पाहिजे. ब्रिटनच्या विद्युत् मांडणी नियमांत अशा तऱ्हेची उपकरणे मान्य केली आहेत आणि पत्रा व जमीन यांतील दाब ७० व्होल्टच्या वर टिकू नये अशी मर्यादा घातली आहे. दुसरा मार्ग म्हणजे वाहनापुरता संयुक्त तारेचा संबंध सोडून स्वतंत्र इलेक्ट्रोड पुरणे. पण मग तिसऱ्या भागात सांगितलेल्या साऱ्या मर्यादा लागू होतात. कोणतीही एक पद्धत सर्वथा श्रेष्ठ नाही; पद्धत निवडणे म्हणजे कोणता दोष पत्करावयाचा हे ठरविणे होय.

७. पायलट तार : भूसंपर्काची सततची विचारपूस

वाहनांच्या चार्जिंगमध्ये एक नवी आणि सुंदर कल्पना आली आहे. जुन्या मांडणीत भूसंपर्क तार तुटली तरी कोणास कळत नसे. उपकरण पूर्ववत् चालू राही. चार्जिंगच्या केबलीत फेज, न्यूट्रल व भूसंपर्क यांखेरीज एक बारीक पायलट तार असते आणि तिच्यातील प्रवाहाची परतीची वाट भूसंपर्क तार हीच असते.

चार्जर १,००० ओहमच्या रोधकामार्फत या तारेवर १२ व्होल्टचा दाब देतो. वाहन जोडले म्हणजे वाहनातील एक डायोड व २,७४० ओहमचा रोधक मंडलात येऊन हा दाब ९ व्होल्टवर उतरतो. वाहन चार्जिंगला तयार झाले की ते आणखी एक रोधक समांतर जोडते आणि दाब ६ व्होल्ट होतो. तो ६ व्होल्ट झाल्याशिवाय चार्जर मुख्य पुरवठा जोडतच नाही. म्हणून मोकळ्या पडलेल्या जोडणीत दाब नसतो. या तारेवर सेकंदास १,००० या गतीने स्पंद पाठविले जातात आणि स्पंदाच्या रुंदीवरून वाहनास किती प्रवाह घेता येईल हे कळविले जाते; स्पंद आवर्तनाच्या ५० टक्के रुंद असेल तर ३० अँपिअर, १० टक्के असेल तर ६ अँपिअर. भूसंपर्क तार केबलीत कोठेही तुटली की पायलटचे मंडल तुटते आणि पुरवठा बंद होतो. येथे भूसंपर्क हा केवळ मूक संरक्षक न राहता संभाषणाचा घटक बनला आहे.

तथापि, पायलट तार जे पाहते ते चार्जरपासून वाहनापर्यंतच. चार्जरच्या मागे, भिंतीत किंवा खड्ड्यात भूसंपर्क सुटलेला असेल, तर पायलटला त्याची काहीच वार्ता नसते. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर वापरावयाच्या केबलीतील पेटी म्हणूनच आणखी एक परीक्षा करते: भूसंपर्काच्या पिनेस खरोखर जमिनीशी संबंध आहे का, हे ती दाब मोजून पाहते आणि नसल्यास चार्जिंग नाकारते.

हे नाकारणे ग्राहकास अडचणीचे वाटते, आणि त्यातून एक घातक प्रघात पडतो. प्लगमध्येच न्यूट्रल व भूसंपर्क यांच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या जातात. पेटीस न्यूट्रलच्या रूपाने जमीन 'दिसते' आणि चार्जिंग सुरू होते. पण या जोडणीने वाहनाचा पत्रा न्यूट्रल तारेस बांधला जातो. भिंतीतील न्यूट्रल तुटले, तर जोडलेल्या उपकरणातून फेजचा दाब पत्र्यावर येतो; सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर पत्रा थेट २३० व्होल्टवर जातो. भूसंपर्क तार न तोडणारी पेटी या दोन्ही प्रसंगी काही करू शकत नाही. शिवाय दोषप्रवाह पत्र्यावरून न्यूट्रलमार्गेच परतत असल्याने घराच्या फलकावरील अवशिष्ट प्रवाह खंडकास बेरीज शून्यच दिसते. तारेच्या एका तुकड्याने तीन संरक्षणे एकाच वेळी निकामी होतात. पेटीचा नकार हा पेटीचा बिघाड नव्हे. घराच्या भूसंपर्काविषयी तिने दिलेले ते प्रतिवृत्त असते.

८. जलद चार्जिंग : जमिनीपासून अलग मंडल

जलद चार्जरमध्ये एकदिशकरण चार्जरमध्येच होते आणि बॅटरीस थेट एकदिश दाब मिळतो. येथे संरक्षणाचे तत्त्वच निराळे आहे. बॅटरीचे मंडल जमिनीस किंवा पत्र्यास जोडलेले नसते. ते रोहित्राने अलग केलेले असते. धन किंवा ऋण यांपैकी कोणत्याही एकाच टोकाचा पत्र्याशी संपर्क आला तरी परतीची वाट नसल्याने मोठा प्रवाह वाहत नाही. धोका दुसऱ्या दोषाचा असतो. म्हणून पहिल्या दोषाचा शोध घेऊन तो वेळीच कळविणे, हेच येथील संरक्षण होय.

यासाठी निरोधनाचा रोध सतत मोजला जातो. एकदिश मंडलासाठी दर व्होल्टला १०० ओहम ही किमान मर्यादा प्रचलित आहे. ४०० व्होल्टच्या बॅटरीस ती ४० किलोओहम होते. एक टोक या मर्यादेपर्यंत क्षीण झाले असता कोणी दुसऱ्या टोकास स्पर्श केला, तर देहातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. दर व्होल्टला ५०० ओहम धरल्यास तो २ मिलिअँपिअरवर येतो. प्रचलित आकड्यांची संगती ही अशी देहाच्या सहनशक्तीशी लागते.

मापनात दोन अडचणी आहेत. धन व ऋण ही दोन्ही टोके सारखीच क्षीण झाली, तर पत्र्याचे वर्चस् मध्यावरच राहते आणि टोकांच्या दाबांची केवळ तुलना केल्याने काहीच उमगत नाही. त्यासाठी बाहेरून ज्ञात संकेत घालून त्याचा प्रतिसाद पाहावा लागतो. दुसरी अडचण अशी की, विद्युत् गोंगाट कमी करण्यासाठी प्रत्येक टोक व पत्रा यांत धारित्रे जोडलेली असतात. ती भारित होईपर्यंत माप स्थिर होत नाही. शिवाय याच धारित्रांमुळे 'अलग' मंडलासही स्पर्शाचा धोका काही अंशी उरतो: स्थिर प्रवाह न वाहताही साठलेली ऊर्जा देहातून निघून जाते. या ऊर्जेसाठी ०.२ जूल ही मर्यादा धरली, तर ८०० व्होल्टला धारकता ०.६२५ मायक्रोफॅराडहून अधिक असता कामा नये, असे गणिताने येते. दाब दुप्पट केला की धारकतेची मुभा चौथाईवर येते; ४०० व्होल्टवरून ८०० व्होल्टकडे होत असलेल्या वाटचालीत हा नियम जाचक ठरतो. तसेच वाहन व चार्जर या दोघांनी एकाच वेळी मापन केले, तर प्रत्येकास दुसऱ्याच्या मापकाचा रोध हाच झिरपा वाटेल. म्हणून जलद चार्जिंगच्या काळात मापनाचे काम चार्जरकडे सोपविले जाते.

९. समारोप

विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. अतिप्रवाह खंडक केवळ मोठा प्रवाह पाहते. अवशिष्ट प्रवाह खंडक दोन तारांतील फरक पाहते, पण एकदिश प्रवाहाने आंधळे होते आणि आपल्या अलीकडे तुटलेले न्यूट्रल त्यास दिसत नाही. पायलट तार केबल पाहते, भिंत पाहत नाही. निरोधन मापक बॅटरीचे मंडल पाहतो, घराचे मंडल पाहत नाही. यांपैकी कोणतेही एक साधन दुसऱ्याचे काम करीत नाही. आणि ज्या ठिकाणी एकाची दृष्टी संपते तेथून दुसऱ्याची सुरू होते किंवा नाही, हे पाहणे मांडणीची योजना करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

अवशिष्ट प्रवाह खंडकावरील चाचणीची कळ दाबून ते उघडते हे पाहिले, म्हणजे भूसंपर्काची परीक्षा झाली असे अनेकांस वाटते. वस्तुतः ती कळ खंडकाच्या आतच एका रोधकातून फेज व न्यूट्रल यांत प्रवाह सोडते. त्या परीक्षेत जमिनीचा काहीही भाग नसतो. इलेक्ट्रोड तुटलेला असला तरी कळ यशस्वी ठरेल. भूसंपर्काचा रोध मापकाने, आणि तोही कोरड्या ऋतूत, मोजल्याखेरीज त्या वाटेविषयी काहीही निश्चित म्हणता येत नाही. प्रवाह कोणत्या वाटेने परतेल, हे दोष घडण्यापूर्वी ठरविले नाही, तर दोष घडल्यानंतर ते प्रवाहच ठरवितो; आणि त्या वाटेवर मनुष्य उभा आहे की नाही, याचा विवेक प्रवाहास नसतो.